बिदर: हैदराबाद रोडवरून डावीकडे वळा की ओ! (अनुभव, माहिती, शंका)

नवी_पेठ

हैदराबाद रोड आपल्या सगळ्या सोलापूरकरांच्या पायाखालचा. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद. माणिकनगरला प्रभूंचं दर्शन झालं की आपली गाडी एकतर परत फिरते नाहीतर सरळ हैदराबाद गाठते. हुमनाबादहून डावीकडे वळलं की तासाभरात बिदर येतं, पण तिकडं मुद्दाम जाणारा सोलापूरकर मला फारसा भेटलेला नाही. डिसेंबरात आम्ही दोघं मुक्कामाच्या तयारीनं गेलो. आल्यापासून जो भेटेल त्याला तेच सांगतोय, म्हणून एकदाच इथं लिहून टाकतो.

आधी भूगोल. बिदर जांभ्या दगडाच्या पठाराच्या अगदी काठावर आहे. आपण हुमनाबादकडून जातो तेव्हा रस्ता सपाट असतो, त्यामुळे आपण कड्यावर चाललोय हे लक्षातच येत नाही. शहर ओलांडून किल्ल्यात शिरायचं आणि पलीकडच्या तटावर उभं राहायचं. तिथं जमीन एकदम संपते आणि खाली मांजरेच्या खोऱ्याचा सपाट मुलूख पसरलेला दिसतो. अहमदशहा बहमनी (कारकीर्द १४२२ ते १४३६) यानं गुलबर्ग्याहून राजधानी इथं का हलवली, हे त्या तटावर कुणी न सांगता कळतं.

ज्या बाजूला कडा आहे तिथं निसर्गानंच काम केलेलं. ज्या बाजूला सपाटी आहे तिथं माणसांनी अख्खा खडक खोदून खंदक केलाय. तोही साधा नाही, तिहेरी. एक चर, मग खडकाचीच ठेवलेली भिंत, पुन्हा चर, पुन्हा भिंत. त्या मधल्या भिंती बांधलेल्या नाहीत, खोदताना तेवढा दगड शिल्लक ठेवलाय. पहिल्यांदा बघताना मी ते बांधकामच समजून चाललो होतो, जवळ जाऊन सांधा शोधला तर सांधाच नाही! आपल्याकडं काळ्या दगडाची सवय. इथं खंदक, तट, बुरूज, कमानी, गावातली जुनी घरं सगळं तांबडं, भोकाभोकाचं. संध्याकाळी चारनंतर बघा, सकाळी मजा नाही.

आत काय बघायचं: शर्झा दरवाजा (१५०३, दोन्ही बाजूंना दगडी वाघ), गुंबद दरवाजा, सोळा खांबी मशीद, गगन महाल, तख्त महाल. तख्त महालाच्या कमानीवर पाठीवर सूर्य घेतलेला वाघ आहे, फरशीकामातला, बराच उडालाय पण ओळखू येतो. रंगीन महाल बहुधा कुलपात असतो. तिथल्या म्युझियममध्ये जाऊन नीट विनंती करा, आम्हाला उघडून दिला. काळ्या दगडात शिंपले बसवून केलेली नक्षी आहे. आत अंधारच असतो, मोबाइलचा दिवा तिरका धरला की शिंपला निळा-गुलाबी होतो. सगळ्या किल्ल्यातलं माझं आवडतं काम हेच. बहमनींनंतरच्या बरीदशाहीत, अली बरीदच्या काळात झालेलं.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. लोक किल्ला बघतात आणि 'बिदर झालं' म्हणतात. किल्ल्याला लागून तटबंदीचं जे गाव आहे, ते खरं बघण्यासारखं. फतेह दरवाजातून आत शिरा, मधोमध चौबारा नावाचा गोल उंच बुरूज लागतो, तिथून रस्ते फुटतात. त्यातल्या एका रस्त्यावर बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा (१४७२) आणि त्याच सरळ रेषेत पुढं किल्ला. अजूनही लोक त्याच दरवाजांतून भाजी घेऊन घरी जातात.

मदरसा बघताना मात्र पोटात तुटतं. तीन मजली इमारत, दर्शनी भागावर रंगीत फरशा, दोन मनोरे. पैकी एकच मनोरा उरलाय. औरंगजेबानं १६५७ साली बिदर घेतलं, पुढं मुघलांच्या काळात इथं दारूगोळा ठेवला गेला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोट होऊन पुढचा भाग उडाला. उरलेल्या मनोऱ्यावर चटईच्या विणीसारख्या नागमोडी पट्ट्यांत फरशा बसवल्यात, त्या बघून घ्या.

कुणी गेलंय का? अष्टूरच्या (बहमनी सुलतानांचे घुमट आहेत तिथल्या) उरुसाबद्दल आणि नौबादच्या करेझबद्दल (जमिनीखालचे पाण्याचे बोगदे) मला अजून ऐकायचंय.

---

सात_रस्ता

लेख छान. पण कडा कडा काय लावलंय बे? रायगड-राजगड चढलेल्या माणसाला बिदरचा कडा म्हणजे दारातली पायरी. फोटोत तर सगळं सपाटच दिसायलंय.

---

नवी_पेठ

सह्याद्रीशी तुलना केली तर पायरीच, कबूल. पण रायगड-राजगडाच्या माथ्यावर आज बाजारपेठ, शाळा, रिक्षा स्टँड सापडेल का? इथं कड्यावर अख्खं शहर वसलंय आणि सहाशे वर्षं उठलेलं नाही. राजगडावर पाणी संपलं की उतरावं लागतं, इथं पाण्याची सोय पठारानंच केलीय असं ऐकलं. ते कुणीतरी जाणकारानं सांगा.

---

जुना_ओव्हरसियर

सांगतो. नोकरी पाण्याच्या खात्यातच गेली, त्यामुळे बिदरला गेलो तेव्हा महाल कमी आणि झरे जास्त बघितले. सौ. अजून टोमणे मारतात.

वर जांभा, खाली आपला नेहमीचा काळा पाषाण. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी सरळ पोटात घेतो. काळ्या दगडापाशी पोचलं की पाण्याला खाली जायला वाट नाही, मग ते त्या दोन थरांच्या मधून आडवं सरकत राहतं. पठार जिथं तुटतं तिथं, म्हणजे कड्याच्या कुशीत, ते झरा होऊन बाहेर पडतं. गुरू नानक झिरा, नरसिंह झिरा, पापनाश ही सगळी देवस्थानं तिथल्या तिथं का आहेत याचं उत्तर हेच. जिथं कडा फुटला तिथं पाणी, आणि जिथं पाणी तिथं देव.

आता करेझ. ही इराणातली विद्या. तोच पाणी धरणारा थर गाठायचा आणि त्याच्यातून अगदी हलका उतार देत जमिनीखाली बोगदा न्यायचा. ठरावीक अंतरावर वरून विहिरीसारखी उभी विवरं पाडायची. खोदताना माती त्यातून वर काढायची, नंतर हवा, उजेड, गाळ काढणं, पाणी शेंदणं सगळं त्यातूनच. मोट नको, पंप नको, उतारानं पाणी चालत राहतं. नौबादला ही विवरं रांगेत दिसतात. इराणी कारागीर तिथं कसे आले हा प्रश्न पडेल, तर बहमनी दरबारात इराणी माणसांचा भरणा होताच. अहमदशहानं इराणातल्या किरमाणच्या सूफी संत शाह निमतुल्लांच्या घराण्याला मानानं बोलावून घेतलं होतं. त्यांचे चिरंजीव खलिलुल्ला यांची अष्टकोनी चौखंडी (कबरीची इमारत) अष्टूरच्या वाटेवर उभी आहे.

जांभ्याचा आणखी एक गुण. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हत्यार सहज चालतं. वारा लागला की टणक होतो. तो तिहेरी खंदक काळ्या पाषाणात खोदायचा म्हटला असता तर बहमनी राज्य संपलं असतं, खंदक नाही.

---

सात_रस्ता

हे भारी! ओव्हरसियर काका, नळदुर्गच्या पाणी महालावरही एक धागा काढा.

---

मालदांडी

आम्हा मंगळवेढ्याच्या लोकांना बिदर म्हटलं की महाल नाही आठवत, दामाजीपंत आठवतात. लहानपणी कीर्तनात ऐकलेलं पहिलं परगावचं नाव माझ्यासाठी बिदर होतं, पुणं-मुंबई नंतर.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. मंगळवेढं बिदरच्या बादशहाच्या अमलाखाली. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरायला लागली. पंतांनी सरकारी कोठारं उघडून धान्य वाटलं. बातमी बिदरला गेली, पंतांना पकडून न्यायला शिपाई आले. पंत वाटेत असतानाच विठू महाराचं रूप घेऊन पांडुरंग बिदरच्या दरबारात हजर झाला, धान्याचे पैसे मोजून दिले, पावती घेतली आणि गुप्त झाला. पंत पोचले तर बादशहाच सामोरा आला.

इतिहासकारांनी यातलं किती धरावं ते त्यांचं त्यांनी बघावं. पण भीमा ओलांडून, कल्याणीवरून (आजचं बसवकल्याण), त्या सपाटीवरून चालत गेलेल्या माणसाला लाल तट लांबून दिसला असेल तेव्हा काय वाटलं असेल, हा विचार मी दिवाण-ए-आमच्या पडक्या खांबांत बसून केला. बरोबरच्या मंडळींना वाटलं ऊन लागलं.

---

बाळीवेस

मालदांडी, तुमची गोष्ट मंगळवेढ्याची, आता आमची ऐका. बिदरचं आपल्या सिद्धरामेश्वरांशी नातं निघतं, तेही अष्टूरच्या थडग्यातून!

बाराव्या शतकात सिद्धराम इथं सोन्नलगीला (म्हणजे आपल्या सोलापूरला) तळं खोदत होते. शरण संत अल्लमप्रभू आले, खोदणाऱ्यांशी त्यांची खडाजंगी झाली, मग सिद्धरामांशी वाद झाला आणि शेवटी सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला बसवण्णांच्या अनुभव मंटपात गेले. हे कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण, याच हैदराबाद रोडवरून आत वळलं की. पुढं शून्यपीठावर (अनुभव मंटपाच्या मुख्य आसनावर) अल्लमप्रभूंनंतर चन्नबसवण्णा आणि मग आपले सिद्धराम बसले. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजामागून चालणाऱ्या निम्म्या लोकांना हे ठाऊक असतं, निम्म्यांना नसतं.

आता अष्टूर. कड्याखाली, शहरापासून जवळच, बहमनी सुलतानांचे घुमट ओळीनं उभे आहेत. त्यात अहमदशहा वलीचा घुमट आतून रंगवलेला आहे. सोनेरी अक्षरं, वेलबुट्टी, लाल-निळे रंग, डोळे फिरतात. आणि हा सुलतान म्हणजे अल्लमप्रभूंचाच अवतार, असं त्या भागातले लिंगायत भाविक मानतात. होळीनंतर तिथं उरूस भरतो, मुसलमान आणि हिंदू दोघंही करतात. गुलबर्ग्याकडून जंगम चालत येतात, नारळ फुटतात, शंख वाजतो, फातेहाही होतो. मी गेलो तेव्हा एक म्हातारी कन्नडमधून घुमटाला 'अल्लमा, मुलाला नोकरी लागू दे' असं साकडं घालत होती. बाजूला एक दाढीवाले बाबा डोळे मिटून बसलेले. कुणाचं कुणाला काही नव्हतं.

रांगेत हुमायूनशहाचा घुमट आहे, वीज पडून उभा चिरलेला. अर्धा पडलाय, अर्धा उभा, त्यामुळे घुमट आतून कसा बांधतात त्याचा छेदच बघायला मिळतो. या हुमायूनला लोक 'जालीम' म्हणायचे. वीज नेमकी त्याच्यावरच का पडली, हे तिथला प्रत्येक गुराखी तुम्हाला आनंदानं सांगेल.

---

विमानतळ_कधी_होणार

वाचतोय. सध्या युरोपात असतो. इथं लोक स्पेनमधल्या रोंडाला धावतात, दरीच्या काठावरचं गाव, दरीवर १७९३चा पूल, प्रत्येक कोपऱ्यात कॉफीचं दुकान. मीही गेलो, सुंदर आहे. पण सोलापुरात एवढी वर्षं काढून बिदर बघितलं नाही याची आता लाज वाटतेय. प्रश्न: तिथं गावठाणाची अवस्था कशी आहे? फोटोत तटाला खेटून पत्र्याची शेड आणि वायरी दिसतात.

---

हुरडा_स्पेशल

अवस्था विचारू नका. चौबाऱ्यावर वायरींचं जाळं, तटाला टेकून दुकानं, खंदकात प्लास्टिक. गावाला पाच दरवाजे आहेत. सगळ्यांची नावं विचारत हिंडलो तर तिथल्याच पोरांना येईनात. जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०१४ पासून दख्खनी सुलतानशाहीच्या वास्तू आहेत, त्यात बिदर आहे. यादीत असणं आणि जपणं यात अंतर आहे. गावातली घरं हलवून सगळं मोकळं केलं पाहिजे, हे माझं स्पष्ट मत.

---

नवी_पेठ

हुरडा, कचऱ्याबद्दल शंभर टक्के सहमत. घरं हलवण्याबद्दल अजिबात नाही. माणसं काढली की किल्ल्याच्या आतल्यासारखं हिरवळ आणि साखळ्या लावलेलं उद्यान होईल. किल्ल्यात तेच झालंय, गावात नको. आपल्या भुईकोटाचंच बघा, तट बघायला किती जातात आणि बागेत बसायला किती.

आणि हे श्रीमंत राजधानीचं गाव तेव्हाही सगळ्यांसाठी गोड नव्हतं. १४७०च्या आसपास निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरमार्गे बिदरला आला होता. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडाच काढून घेतला होता, तो परत मिळवून इथं पोचला. त्यानं लिहून ठेवलंय की उमराव चांदीच्या पालख्यांतून फिरतात आणि खेड्यातली माणसं हलाखीत आहेत. महमूद गवान तेव्हा वजीर होता. त्यानं विशाळगड, गोवा घेऊन दिलं, मदरसा बांधला, पण दख्खनी आणि परदेशी उमरावांच्या भांडणात खोट्या पत्रावरून १४८१ साली त्याचं डोकं उडवलं. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत बहमनी राज्याचे तुकडे पडायला लागले.

---

हुरडा_स्पेशल

बरं, घरं राहू द्या. वायरी तरी जमिनीखालून न्या!

---

चाटी_गल्ली

बिदरी घ्यायची असेल त्यांच्यासाठी. मी एका दुकानात (नाव घेत नाही) फसता फसता वाचलो. काळ्या रंगाचा लोखंडी डबा, वर चंदेरी रंगाचं छापकाम, 'असली बिदरी' म्हणून हातात दिला. खिशातला लोहचुंबक लावला, टक्कन चिकटला. खरी बिदरी जस्त आणि थोड्या तांब्याची, चुंबक चिकटत नाही. हाताला जड आणि गार लागते. नखानं नक्षी खरवडून बघा, चांदीची तार धातूत ठोकून बसवलेली असते, नख अडकत नाही आणि रंग निघत नाही.

कारखान्यात बसून बघा, कारागीर हाकलत नाहीत. वाळूच्या साच्यात ओतकाम, मग कानस, मग मोरचुदाच्या पाण्यानं भांडं काळं करतात, म्हणजे कोरलेली रेघ उठून दिसते. छिन्नीनं कोरलेल्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवतात. मग पॉलिश करून सगळं पुन्हा चकचकीत पांढरं. या टप्प्यावर चांदी कुठली आणि जस्त कुठलं काही समजत नाही. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात कालवून उकळतात, त्यात भांडं घालतात. जस्त बघता बघता काजळासारखं काळं होतं, चांदी तशीच्या तशी! वरून तेलाचा हात. ही माती किल्ल्याच्या अशा भागातली लागते जिथं वर्षानुवर्षं ऊन-पाऊस लागलेलं नाही. म्हातारे कारागीर जिभेच्या टोकावर ठेवून पारखतात. मलाही चाखायला दिली, खारट-तुरट. २००६ पासून बिदरीला भौगोलिक मानांकन आहे, ते विचारूनच घ्या.

---

जुना_ओव्हरसियर

म्हणजे कडा, खंदक, पाणी आणि भांड्याचा रंग, सगळं जमिनीतूनच आलं की. सौ.ला दाखवतो हा प्रतिसाद.

---

पार्क_चौपाटी

लहान मुलं आणि सासूबाई बरोबर आहेत. जमेल का? रेल्वे आहे का? खायचं काय?

---

नवी_पेठ

गाडीनं चार तास धरा, पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. रेल्वेनं जायचं तर आधी कलबुर्गी (गुलबर्गा), तिथून बिदरची गाडी. हा मार्ग २०१७ साली सुरू झाला. वेळा आधी बघून जा, जोड गाडी चुकली तर दिवस गेला. सासूबाईंना किल्ल्यात सपाट चालायचं आहे, पायऱ्या फक्त बुरुजांवर. मुंडा बुरुजावर मोठी तोफ आहे. लोखंडी पट्ट्या जुळवून वरून कडी चढवलीत, मुलांना ती हमखास आवडेल. तट मात्र उघडा आहे, कठडा सगळीकडे नाही, मुलांचा हात सोडू नका.

नरसिंह झिऱ्यात गुहेतून छातीभर पाण्यातून चालत देवापर्यंत जायचं असतं. लहान मुलांना खांद्यावर घ्यावं लागतं, सासूबाईंनी बाहेरूनच नमस्कार करावा. सध्या आत सोडतात का, ते गावात विचारून मगच जा. जेवणाची चिंता नको, गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. गुरू नानकांनी खाऱ्या पाण्याच्या गावाला गोडा झरा दिला अशी तिथली श्रद्धा आहे, आणि पंचप्याऱ्यांपैकी (गुरू गोविंदसिंगांचे पहिले पाच खालसा शिष्य) साहिबसिंग बिदरचेच. भाषेची अडचण येत नाही. कन्नड, दखनी, मराठी तिन्ही चालतं, आपल्या विजापूर वेशीत चालतं तसंच. १९५६ पर्यंत हा बिदरचा भाग हैदराबाद राज्यातच होता.

---

सात_रस्ता

बरं मालक, पटलं. थंडीत जाऊया का सगळे? एक दिवस किल्ला आणि गाव, दुसऱ्या दिवशी अष्टूर आणि नौबाद, परत येताना बसवकल्याण. कडा दाखवा मला, मग बघू पायरी आहे की काय.

---

बाळीवेस

मी तयार. पण उरूस बघायचा तर थंडीत नाही, होळीनंतरच जावं लागेल. उन्हाची तयारी ठेवा.

---

मालदांडी

थंडीत ज्वारी काढायची असते आमची. होळीनंतर असेल तर माझं नाव लिहा. शेंगा चटणी आणि कडक भाकरी माझ्याकडून.

---

नवी_पेठ

होळीनंतरच ठरवू मग. ओव्हरसियर काकांना पुढच्या सीटवर बसवायचं, करेझ समजावून सांगायला. सौ. येणार असतील तर एक गाडी वाढवू. मार्केट यार्डापाशी पहाटे जमायचं. कोण कोण येतंय ते इथंच लिहा, खाजगी मेसेज नको, मग गोंधळ होतो.